गाडीत गाय उभी राहावी म्हणून

आमच्याकडं नवऱ्याला मालक म्हणतात. मी आयुष्यभर तेच म्हणत आले, म्हणून इथंही तेच लिहिते. मालकांची एक पिकअप होती आणि तिच्यातून ते जनावरं वाहायचे. ते व्यापारी नव्हते. कुणी गाय विकली, कुणी लेकीला म्हैस दिली, कुणाची कालवड डॉक्टरकडं न्यायची असली, की त्यांना फोन यायचा. ढोकीच्या कारखान्याभोवतीची गावं, तेरकडचा नदीकाठ, खाली तुळजापूरपर्यंतचा भाग, सगळीकडं लोकांकडं त्यांचा नंबर होता. मी घरी शिवणकाम करायची. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि आमची एक मुलगी. धाकटा दीर शेजारच्याच दोन खोल्यांत राहायचा, त्याचं बिऱ्हाड वेगळं.

ती गाय पडली त्या दिवशी मी गाडीत होते. एरवी मी कधी भाड्यावर जात नसे. पण तुळजापूरला माझ्या बहिणीच्या सुनेची ओटी भरायची होती, आणि मालकांना त्याच वाटेनं एक गाय न्यायची होती. म्हणाले, "चल की माझ्यासंगं. एसटीला कशाला ताटकळतीस?"

गाय तेरच्या अलीकडच्या एका गावातली. लाल कंधारी, शिंगं लहान, डोळे मोठे, पोट खाली आलेलं. दिवस भरत आले होते. घरात म्हातारा-म्हातारी दोघंच. म्हाताऱ्याला दिसायचं कमी झालेलं, म्हातारीचे गुडघे धरलेले. वासरू झाल्यावर आपल्यानं निभायचं नाही म्हणून त्यांनी गाय लेकीच्या घरी पाठवायचं ठरवलं होतं. लेकीचं सासर तुळजापूरच्या पलीकडं होतं. म्हातारीनं गाईच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं, तिच्या गळ्याखालची पोळी कुरवाळली आणि मालकांना म्हणाली, "हळू ने बाबा. दोन जिवाची हाय."

"हळूच नेतो मावशी. घरच्या गाईवानी नेतो," मालक म्हणाले.

आणि त्यांनी खरंच हळू नेली. गाडीच्या हौद्यात तळाला लोखंडी पत्रा होता, उंचवट्यांची नक्षी असलेला. नवा असताना त्या नक्षीवर पाय धरायचा. पण वर्षानुवर्षं खुरं घासून ती नक्षी नखाला लागेना इतकी झिजली होती. मालक त्यावर उसाचं पाचट पसरायचे. त्या दिवशीही पसरलं होतं. पण गाय घाबरली की आधी मुततेच, आणि ओलं पाचट पत्र्यावरून पायाबरोबर सरकतं.

घाटाच्या वळणावर समोरून एक मोटारसायकलवाला आपली बाजू सोडून आला. मालकांनी ब्रेक दाबला. जोरात नव्हे, पण दाबला. मागं धप्प आवाज झाला. केबिनच्या मागच्या काचेतून मला गाईचं तोंड दिसत होतं, ते एकदम दिसेनासं झालं.

गाडी कडेला घेऊन आम्ही मागचा फळका उघडला. तिचे मागचे दोन्ही पाय दोन बाजूंना फाकले होते, आणि मधे ते जड पोट पत्र्यावर टेकलं होतं. ती ओरडत नव्हती. पुढच्या पायांवर जोर देऊन उठायला बघायची, खुरं पत्र्यावर घसरायची आणि पुन्हा बसायची. मालक आत चढले. तिच्या पोटाखालून दोर घातला. रस्त्यावरची माणसं धावून आली. चौघांनी उचलली तरी तिला पाय टेकवता येईना, कारण टेकवायला काही धरच नव्हता. मालकांचीही चप्पल घसरत होती. त्यांनी चपला काढून खाली फेकल्या आणि अनवाणी उभे राहिले, तरी घसरत होते. शेवटी ते तिच्या मानेजवळ बसले आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. मला म्हणाले, "आता चालवणार कोण?" मग स्वतःच उठून चालवायला गेले. मी मागं बसले, तिच्याजवळ.

लेकीच्या दारात तिला ताडपत्रीवर ओढून उतरवलं. डॉक्टर आले. म्हणाले, मागच्या पायांच्या आतल्या नसा दुखावल्यात, मांड्या आतून फाटल्यात, गाभण आहे म्हणून जास्त अवघड. सुया दिल्या. लिंबाच्या फांदीला पट्टा बांधून तिला उभी करायला सांगितलं, रोज कूस बदलायला सांगितलं. त्या घरच्या लोकांनी सगळं केलं. म्हातारी एसटीनं आली आणि तिथंच राहिली, गाईच्या तोंडाजवळ पोतं टाकून. मालकांना भाडं मिळो न मिळो, ते हिरवा मका घेऊन जायचे. मी एकदा त्यांच्याबरोबर गेले तेव्हा वासरू पोटातच गेल्याचं कळलं. त्यानंतर गाय फार दिवस राहिली नाही.

मालक म्हातारीच्या पाया पडले. तिनं त्यांना उठवलं. ती म्हणाली, "तू काय जाणून केलंस लेकरा? तिला उभं राहाया जागा न्हवती, एवढंच."

तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर त्यांना सोसल्या असत्या. घरी येऊन ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गाडी अंगणात घेतली, रिकाम्या हौद्यात बादलीभर पाणी ओतलं, शेण कालवलं आणि अनवाणी चालून बघायला लागले. मी भाकरी थापत होते. त्यांचा पाय सटकून ते गुडघ्यावर आपटल्याचा आवाज मला चुलीपर्यंत आला. मी पळत गेले तर तसेच बसलेले. म्हणाले, "माणसाला दोन पाय सावरता येईनात. तिनं चार कसं सावरावं?"

त्यानंतर बरेच दिवस त्यांनी जनावराचं भाडं घेतलं नाही. फोन आला की गाडी बिघडलीय म्हणायचे. सोयाबीनची पोती, कांदा, असलं काही मिळेल ते वाहिलं. पण त्यांचं मन त्यात नव्हतं.

गाडीचा तळ बदलायचा हे तेव्हाच ठरलं. पण काय टाकायचं, ते कळेना. एकानं सांगितलं, गोठ्यात अंथरतात ती रबरी चटई टाका. टाकली. खाली मूत गेलं की चटईच गाईला घेऊन सरकायची. धाराशिवच्या रस्त्याला एक मिस्त्री होता, गाड्यांच्या बॉड्या बांधायचा. तो म्हणाला, पत्र्यावर आडव्या सळया वेल्डिंग करून देतो. मालकांनी एकाच्या गाडीत तसं केलेलं जाऊन पाहिलं. गाय उभी असेपर्यंत ठीक, पण बसली की सळया गुडघ्याला लागतात आणि खूर अडकलं तर नखी निघते. बाभळीच्या फळ्या टाकायचाही विचार झाला. पण फळ्या उन्हानं वाकतात, फटी पडतात, आणि फटीत पाय गेला की सपलं.

मग कुठल्याशा बाजारात त्यांनी लांबच्या एका गाडीत प्लाय टाकलेली पाहिली. काळपट तपकिरी, वरून बारीक जाळी दाबल्यासारखी. ट्रकच्या, एसटीच्या तळाला, मंडपाच्या स्टेजला तसली वापरतात म्हणे. त्यांनी तिच्यावर तळहात घासून बघितला. घरी येऊन मला म्हणाले, "मांजराच्या जिभेवानी लागतीय."

धाराशिवच्या एका दुकानात आम्ही दोघं गेलो. मला का नेलं असं मी विचारलं, तर म्हणाले, "तुला कापडातलं कळतं, पोत कळतो. बघ की हात लावून." दुकानदारानं एक तपकिरी प्लाय काढून दाखवली. रंग तोच, चकाकी तीच. मी हात लावला तर काचेसारखी गुळगुळीत. ती स्लॅब टाकताना खाली लावायची प्लाय होती, सिमेंट चिकटू नये म्हणून मुद्दाम गुळगुळीत केलेली. दुकानदार म्हणाला, "तीच हो ही. पाणी लागलं तरी काय होत न्हाय."

"पाण्याचं न्हाय हो. पाय धरला पायजे," मालक म्हणाले.

मग त्यानं जाळीची दाखवली, पण ती बारीक होती, आणि कडेकडून पाहिलं तर मधल्या थरांत पोकळ्या दिसत होत्या, पापुद्रा सुटलेल्या चपातीसारख्या. मालकांनी दोन्हीचे नमुन्याचे तुकडे मागून घेतले. पुढं सोलापूरला जाऊन आणखी एका दुकानातून एक तुकडा आणला. त्याची जाळी ठळक होती, कड घट्ट होती, थर एकावर एक नीट बसलेले, आणि तुकडा हातात जड लागायचा. मिस्त्रीनं सांगितलं होतं, खरी पारख करायची तर उकळून बघा.

म्हणून मी अंघोळीच्या पाण्याच्या मोठ्या भगुल्यात ते तिन्ही तुकडे टाकून चुलीवर ठेवले. सासूबाई ओट्यावर बसून बघत होत्या. "काय गं, आता लाकडाची आमटी करती व्हय?" त्या म्हणाल्या. गाय गेल्यापासून मालक पहिल्यांदा हसले. दुपारपर्यंत पाणी उकळत ठेवलं. मध्ये मी शिलाई करून येत होते आणि लाकूड सारत होते. संध्याकाळी तुकडे काढले. पहिल्याची कड फुगली होती. दुसऱ्याचे थर सुटून पुस्तकासारखे उघडले होते. सोलापूरच्या तुकड्याला मालकांनी विळ्याचं टोक घालून बघितलं, ते आत शिरेना.

तीच प्लाय घ्यायची ठरली. जाड घ्यायची की पातळ, यावर मिस्त्रीचं आणि मालकांचं थोडं बोलणं झालं. मिस्त्री म्हणाला, पातळ लावली तर वजन वाचेल, डिझेल वाचेल. मालक म्हणाले, "पोत्याचं वजन सगळीकडं पसरतं. गाईचं सगळं वजन चार खुरांवर येतं. जाडच लाव." मिस्त्रीनं मान डोलवली.

प्लाय हौद्याच्या मापानं कापून आणल्यावर सगळ्यात मोठं काम कडांचं होतं. कापलेल्या कडेतून पाणी आत शिरलं की कितीही चांगली प्लाय असली तरी ती कुजते. तिथं जाड रंग भरायचा, तो वाळला की पुन्हा भरायचा. बोल्टची भोकं पाडली त्यांच्याही आतून. आम्ही दोघांनी ते अंगणात बसून केलं. मी लहान ब्रशनं भोकं भरायची, ते मोठ्या ब्रशनं कडा. उन्हाळ्याच्या सुरुवातीचे दिवस होते, लिंबाचा मोहोर प्लायवर पडायचा आणि ओल्या रंगाला चिकटायचा, मी तो नखानं काढत बसायची. मुलगी शाळेतून आली की तिलाही ब्रश पाहिजे असायचा. सासूबाई म्हणाल्या, "दिवाळीला घराला एवढा रंग लावला न्हाय ह्यांनी."

तेव्हाचं त्यांचं तोंड मला आठवतं. कानावर रंगाचा डाग, ओठ थोडे उघडे, सुईत दोरा ओवताना माणूस धरतो तसा श्वास धरलेला.

मिस्त्रीनं जुना लोखंडी पत्रा काढून प्लाय टाकली आणि बोल्टची डोकी तिच्यात बुडवून बसवली, म्हणजे खुराला किंवा गुडघ्याला लागू नयेत. जोडात रबरासारखं चिकट भरलं. मागच्या बाजूला पाणी निघून जायला जागा ठेवली. त्यानंतर मालक म्हणाले, "आधी आपली गाय चढवू."

आमची गाय चढेना. काळपट तळ बघून तिला खड्डा वाटत असावा. चढायच्या फळीवर दोन पाय टाकायची आणि मागं सरायची. मालकांनी थोडं पाचट पसरलं, तेव्हा चढली. मग मला म्हणाले, "तू पण चढ. तिच्याजवळ उभी राहा. मी हळू फिरवतो. मला मागचं दिसत न्हाय, तू सांग."

मी चप्पल काढून गाईच्या मानेला धरून उभी राहिले. जाळी तळव्याला टोचत होती, पण सुखानं टोचत होती. गाडी गावाबाहेरच्या रस्त्याला लागली. ते आधी सावकाश चालवत होते, मग थोडं वळण घेतलं, मग एकदा ब्रेक दाबला. गाईनं पुढचे पाय रोवले. माझा तोल गेला, मी तिच्यावर रेलले, पण ती हलली नाही.

"कशी हाय?" ते पुढून ओरडले.

"उभी हाय!"

"आन् तू?"

"मी बी!"

पुन्हा थोडं पुढं जाऊन त्यांनी जरा जोरात ब्रेक दाबला आणि पुन्हा विचारलं. मला वाटलं, आता हा माणूस दिवसभर हेच विचारत राहणार.

त्यानंतरची काही वर्षं चांगली गेली. बाजारात लोक म्हणायचे, त्यांचीच गाडी बोलवा, तिच्यात जनावर उभं राहतं. लांबून फोन यायचे. संध्याकाळी गाडी आली की मी नळीनं पाणी मारून तळ धुवायची. शेण जाळीत भरून बसलं की ती जाळी असून नसल्यासारखी, म्हणून रोज खराट्यानं घासायला लागायचं. फावडं मात्र लावायचं नाही, वरचा पापुद्रा खरवडला की पाणी आत जातं. मालक दमलेले असले तरी मी नीट घासते का ते बघायला बाहेर येऊन उभे राहायचे.

एका उन्हाळ्यात पाणी फार कमी झालं तेव्हा मात्र त्यांची कामं वाढली आणि त्यांना त्याचं सुख नव्हतं. लोक जनावरं लांब पाठवत होते, पाहुण्यांकडं, जिथं चारा आहे तिथं. दारातून गाय काढताना घरातल्या बायका गाडीपर्यंत यायच्या. एक बाई गाईबरोबर हौद्यात चढली आणि उतरायलाच तयार नव्हती, असं त्यांनी सांगितलं. मग काय केलं, मी विचारलं. म्हणाले, "काय करणार? तिला बी नेलं. तिकडनं परत आणली."

आजार केव्हा सुरू झाला ते सांगता येत नाही. कंबर दुखते म्हणून ते वर्षानुवर्षं गोळ्या खायचे, ड्रायव्हरची कंबर दुखायचीच असं आम्ही धरून चाललो होतो. रक्तदाब होता तो कुणी तपासला नव्हता. एके दिवशी संध्याकाळी चप्पल निघेना. पाय सुजले होते. मी गरम पाण्यात मीठ टाकून शेकले. सूज उतरायची आणि पुन्हा चढायची. मग तोंडावर आली. धाराशिवच्या दवाखान्यात रक्त तपासलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, दोन्ही किडन्या जवळजवळ गेल्या आहेत.

डायलिसिस हा शब्द सासूबाईंना म्हणता यायचा नाही. त्या "मशीन" म्हणायच्या. आठवड्यातून तीनदा मशीनवर जायचं. दीर गाडी चालवायचा, मी बरोबर. जाताना मालक पुढं बसायचे. येताना त्यांच्यानं बसवायचं नाही. रक्त फिरून आल्यावर ते इतके गळून जायचे की मान टेकवायलाही जागा लागायची, आणि केबिनमध्ये तीन माणसांत ती मिळायची नाही. एकदा वाटेत त्यांनी गाडी थांबवायला लावली. म्हणाले, "मला मागं टाका. आडवं व्हतो."

दीर म्हणाला, "दादा, काय बोलतूस? जनावराच्या जागंत?"

"धुतलेली हाय. रोज धुते ती," माझ्याकडं बोट करून ते म्हणाले.

त्या दिवशी माझ्याजवळ फक्त माझी शाल होती. ती अंथरून ते हौद्यात झोपले. मी त्यांच्या उशाशी बसले, डोकं मांडीवर घेतलं. पुढच्या वेळेपासून मी घरातली वाकळ आणि उशी बरोबर न्यायला लागले. त्यांना ते बरं वाटायचं. वारा लागायचा. उन्हाचं मी छत्री धरायची. येणारे-जाणारे बघायचे, त्याचं आम्हाला काही वाटेनासं झालं.

एकदा येताना ते आडवे पडून वर बघत होते. मग म्हणाले, "इथून रस्ता दिसतच न्हाय की गं. नुसतं आभाळ पळतंय, झाडाचं शेंडं पळत्यात. कुठं चाललोय ते कळत न्हाय."

मी म्हणाले, "घरी चाललोय."

"मला ठावं हाय. गाईला कुठं ठावं असतंय?"

त्यांनी हात वाकळेच्या बाहेर काढून प्लायवर ठेवला आणि बोटं हळूहळू फिरवली. मी छत्री दुसऱ्या हातात घेतली.

घरी आल्यावर त्यांना उतरवताना माझं लक्ष त्यांच्या पायाकडं गेलं. झोपेत पाय वाकळेवरून खाली सरकला होता आणि पोटरीवर त्या जाळीचा ठसा उमटला होता. चांगल्या माणसाच्या कातडीवर असला ठसा थोड्या वेळात जातो. त्यांच्या सुजलेल्या पायावर तो राहिला. मी तेल लावून चोळलं. सकाळी पाहिलं तर अजून पुसट चौकटी दिसत होत्या. मी चादर ओढून पाय झाकला, सासूबाईंनी बघू नये म्हणून. पण त्यांनी आधीच पाहिला होता. त्या देवाच्या देवळीपुढं जाऊन बसल्या.

शेवटी शेवटी ते मला गाडीबद्दल काही ना काही सांगत राहायचे. मागच्या डाव्या कोपऱ्यातला बोल्ट ढिला आहे. पावसाळ्याआधी कडांना पुन्हा रंग द्यायला पाहिजे. मी हो म्हणायची. मला ते ऐकायचं नसायचं. मला वाटायचं, माझ्याबद्दल बोला, लेकीबद्दल बोला. आता वाटतं, त्यांना जे नीट करता आलं होतं त्याच्याबद्दलच ते बोलत होते. बाकीचं काही त्यांच्या हातात उरलं नव्हतं.

ते दवाखान्यातच गेले. मशीनवर असताना छातीत कळ आली. मी बाहेर चहा आणायला गेले होते. आले तर पडदा ओढलेला. घरी त्यांना ॲम्ब्युलन्समधून आणलं. दीर रिकामी पिकअप घेऊन मागून आला.

कितीतरी लोक आले. आम्हाला ओळखही नव्हती असे, कुठल्या कुठल्या गावांतले. बायका माझ्याजवळ बसायच्या आणि सांगायच्या, आमची म्हैस त्यांनीच नेली होती, आमची गाय त्यांनीच आणली. एक माणूस नुसता अंगणात उभ्या गाडीजवळ गेला, फळक्यावर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिला आणि निघून गेला.

गाडी विकायची नाही, दीर चालवेल असं ठरलं. मुलीचं शिक्षण होतं, माझ्या शिलाईवर भागणारं नव्हतं. पण दिराला जनावरांची भीती वाटायची. त्यानं दोन-चार भाडी केली, एकदा एका म्हशीनं त्याला फळक्याला दाबलं, त्यानंतर सोडून दिलं. त्याची भीती खोटी नव्हती, प्रत्येकाला जमत नाही. तो बांधकामाचं सामान वाहायला लागला. विटा, सिमेंट, सळया.

पहिल्यांदा सळया उतरवल्या तेव्हा त्या ओढल्याच्या रेघा प्लायवर उमटल्या, वरचा तपकिरी पापुद्रा जाऊन आतलं पांढरं लाकूड दिसायला लागलं. मी म्हणाले, "भावजी, खाली पोतं टाकून सळया ओढा."

"व्हय वहिनी," तो म्हणाला. काही दिवस त्यानं टाकलंही. पण हमाल काही त्याच्या हातातले नव्हते, आणि घाईत कोण पोतं शोधत बसतो. मी एकदा कडांना रंग लावायला बसले. भोकांपर्यंत आले आणि ब्रश ठेवून दिला. लहान ब्रश माझा, मोठा त्यांचा, तो मोठा ब्रश वाळून दगड झाला होता, केस एकमेकांना चिकटलेले. तसंच काम अर्धवट राहिलं.

पावसाळ्यात पाणी आत गेलं. मागच्या कोपऱ्यात प्लाय फुगली, मग तिचे थर सुटायला लागले. विटांच्या वजनानं तिथं खड्डा पडला. त्यात एका मजुराचा पाय अडकून मुरगळला, तेव्हा दीर माझ्याकडं आला. दारातच उभा राहिला. त्याला बोलायला जड जात होतं.

"वहिनी, तळ काढावा लागंल. मिस्त्री म्हणतोय लोखंडी पत्रा टाकू. ह्या कामाला तोच बरा."

"काढा," मी म्हणाले.

"तुमाला वाईट वाटंल म्हणून..."

"वाईट वाटायचं काय हाय त्यात, भावजी? विटाला काय घसरायचंय?"

तो मान खाली घालून गेला. त्या दिवशी मी मुद्दाम शिलाईचं काम काढून बसले. कुणाच्या तरी लग्नाचे ब्लाउज होते. पण बोल्ट कापल्याचा आवाज अंगणातून येत होता, आणि प्रत्येक आवाजाला शिलाई मशीनवरचा माझा पाय थांबायचा. कापलेली प्लाय मिस्त्री घेऊन गेला. त्यानं विचारलं होतं, तुम्हाला ठेवायचीय का एखादी. सासूबाई मधेच म्हणाल्या, "ने बाबा. घरात कशाला?" मला त्यांचा राग आला. नंतर पाहिलं तर त्या तोंडावर पदर घेऊन बसल्या होत्या.

आता गाडीला लोखंडी पत्रा आहे. मालक यायचे तेव्हा गाडीचा आवाज कमी यायचा, लाकूड आवाज पिऊन घेतं. फळक्याची कडी वाजली की मला कळायचं ते आले. आता रिकामी गाडी गतिरोधकावरून उतरली की सगळा हौदा खणखणतो, वेशीपासून ऐकू येतं. आमच्या घरापर्यंत येता येता तो आवाज वाढत जातो.

परवा संध्याकाळी मी आणि सासूबाई ओट्यावर शेंगा फोडत बसलो होतो. गाडी लांबूनच वाजायला लागली. मुलगी आता लातूरला शिकते, घरात आम्ही दोघीच. सासूबाईंना अलीकडं ऐकू कमी येतं, पण हे त्यांना ऐकू आलं. त्यांनी मान वर केली.

"धाकटा आला वाटतं."

"व्हय आत्या."

"लई वाजतीया गाडी."

"लोखंड हाय ना आता."

मग त्यांनी मांडीवरची टरफलं झटकली आणि म्हणाल्या, "जा, त्याला चहा टाक. दमला आसंल." मी उठले आणि आत जाऊन चूल पेटवली.